बायकोच्या हातचं कुलूप

दोन हजार बावीस साल. दिवाळी होऊन गेल्ती, कापसाची पहिली वेचणी घरात आल्ती आणि मला अडुसष्टावं लागलं होतं. माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली. पण ज्या तालमीत मी वाढलो ती काही लहान शाळा नव्हती. परतूर भागातल्या जत्रांत माझं नाव पुकारलं की समोरचा पैलवान आधी पाणी मागायचा. फुशारकी म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगतो. माझ्या पंजात कुणाचं मनगट सापडलं की ते मी सोडीन तेव्हाच सुटायचं. या वयातही तसंच आहे, असं मी त्या वर्षापर्यंत धरून चाललो होतो.

मुलगा आणि सून जालन्याला राहतात, मुलगा तिथं लोखंडाच्या कारखान्यात आहे. त्यांची थोरली पोरगी मात्र आमच्याजवळ गावात. परतूरच्या कॉलेजात अकरावीला. जीपनं जायची, जीपनं यायची. एक दिवस जेवताना म्हणाली, आबा, मला क्लास लावायचाय. मी विचारलं, शिवणाचा का? म्हणाली, मारामारीचा. मला हसू आलं. मंग तिनं समजावून सांगितलं. फिलिपिन्स म्हणून एक देश आहे, समुद्रात सगळी बेटंच बेटं. तिथली ही विद्या. वेताच्या काठीनं सुरुवात करतात, आणि काठी हातातून गेली तर रिकाम्या हातानं समोरच्याचा सांधा धरून आवळतात. मनगट, कोपर, खांदा. परतूरच्या एका शाळेतल्या मॅडम शिकवतात, पुण्यात शिकून आलेल्या. बुद्धविहाराच्या मागच्या हॉलात, शनिवार-रविवार.

मी म्हटलं, घरात पैलवान बसलेला असताना बेटावरून विद्या आणायची का?

"मंग तुमी शिकवता का?" पोरगी म्हणाली.

मी घास चावत राहिलो. मातीत पोरी उतरत नाहीत हे तिलाही माहीत होतं. आमच्या तालमीचा उंबरा माझ्या आईनंसुद्धा कधी ओलांडला नाही. दुधाचा तांब्या ती बाहेरच्या दगडावर ठेवायची आणि तिथूनच माघारी फिरायची.

"जीपमधली माणसं नीट बसत न्हाईत, आबा," एवढंच ती पुढं बोलली आणि ताट उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी मी हो म्हटलं, पण अट घातली. एकटी जायचं नाही. आजी सोबत जाईल आणि क्लास सुटेपर्यंत दाराशी बसून राहील. माझी घरवाली तिथंच भाजी निवडत होती. तिला कुणी विचारलं नाही. शनिवार आला तसं तिनं काष्ट्याचं धुतलेलं लुगडं नेसलं आणि नातीसोबत जीपमध्ये जाऊन बसली. म्हणजे पुढं जे झालं त्याला मीच तिला गाडीत बसवून पाठवलं.

तीनचार आठवडे गेले. एका शनिवारी कापूस घेऊन मी परतूरला गेल्तो. जिनिंगच्या दारात टेम्पोंची रांग, नंबर दुपारशिवाय लागायचा नव्हता. म्हटलं, बघून यावं पोरगी काय शिकून राह्यली. विहाराच्या बाजूला मी उभ्या आयुष्यात मतं मागणाऱ्यांच्या मागं एकदोनदा गेलो असेन, तेवढंच. विचारत विचारत हॉल सापडला. आतून आवाज येत होता. थप थप थप, थप थप थप. पंचमीला बायका टाळ्यांचे खेळ खेळतात तसा. मला वाटलं, हेच का ते?

दारातून डोकावलो. बायका आणि पोरी दोन रांगांत समोरासमोर उभ्या. एकीनं वरून हात हाणायचा, दुसरीनं डाव्या हातानं अडवायचा, उजव्यानं खालून घेऊन बाजूला सारायचा, परत डाव्यानं दाबायचा आणि लगेच आपला हात वरून हाणायचा. तो पहिलीनं तसाच अडवायचा. हात थांबतच नव्हते. जात्यावर दोघी बसल्या की खुंटा कसा एकीकडून दुसरीकडं फिरत राहतो, तसं चाललं होतं. नात पलीकडच्या टोकाला दिसली. आजीला बघावं म्हणून मी दाराशी नजर टाकली. तिथं नुसत्या चपला.

आजी रांगेत होती.

समोर बाजारातली एक भाजीवाली, अंगानं दणकट, आणि तिच्यासमोर माझी बायको, काष्टा खोचलेला, हात चालू. पण माझं रक्त गोठलं ते त्यानं नाही. तिच्या मनगटात बांगड्या नव्हत्या. एकही नव्हती. दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे. खिडकीत रुमालाची पुरचुंडी होती, त्यात हिरवी काच चमकत होती.

आमच्याकडं बाईचं मनगट एकदाच उघडं होतं. नवऱ्याला अंगणात आडवं घातलेलं असतं तेव्हा. लग्नापासून मी तिचे हात तसे कधी बघितले नव्हते. बाळंतपणात नाही, दवाखान्यात नाही. मी तिथं दारात धडधाकट उभा, आणि माझी बायको माझ्यासमोर तसल्या हातांनी. खरं सांगतो, माझा हात आपोआप छातीकडं गेला. मीच मेलो की काय, असं एक क्षणभर वाटलं.

"हे काय करून राह्यली तू?" माझा आवाज सगळ्या हॉलात घुमला.

सगळ्या थांबल्या. ती थांबली नाही. माझ्याकडं बघितलंही नाही तिनं.

"थांबा जरा. माझी बारी चालू हाय."

भाजीवालीनं हात चालू ठेवूनच मान वळवली आणि मला वरून खालून बघितलं. म्हणाली, "अगं बाई, मालक तर जित्ता हाय की तुझा."

पोरी फिसफिसल्या. माझे कान तापले. तेवढ्यात मॅडम आल्या. तिशीची बाई, बारीक चणीची. काका बसा, पाणी घ्या, म्हणाल्या. त्यांनी सांगितलं की बायका आकड्यानं विषम होत्या, नातीला जोडीदार मिळेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी आजीला हात धरून उभं केलं. मंग आजी दर वेळीच उभी राहायला लागली. आणि मनगट आवळताना काच फुटते, रक्त निघतं, म्हणून बांगड्या सगळ्यांनाच काढून ठेवाव्या लागतात. मी पाणी घेतलं नाही. मी म्हटलं, मॅडम, तुमी काहीही शिकवा, पण याला लढाई म्हणू नका. हे टाळ्या पिटणं झालं. पकड म्हणजे काय ते मातीत कळतं.

आता माझी बायको थांबली. पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उजवा हात पुढं केला.

"मंग धरा की माझा हात."

पंचवीस-तीस बायांसमोर बायकोचा हात धरायचा म्हणजे काय ते ज्यांना कळतं त्यांना कळेल. पण मागं सरणं माझ्या रक्तात नाही. धरला. पैलवान धरतो तसा, अंगठा खाली घालून.

मनगट धरलं की माणूस ओढतो. मातीत मी ज्याचं धरलं त्यानं त्यानं ओढलं, आणि त्याच ओढीवर मी त्याला फेकला. ही ओढेच ना. तिचा हात माझ्या मुठीत पीठ मळल्यासारखा मऊ. मंग तिनं डावा तळवा माझ्या बोटांवर ठेवला आणि उजवं मनगट माझ्याच मनगटावरून असं वळवलं, की मला वाटलं कुणी हातात पहार घालून पिळली. मी जेवढं घट्ट धरून ठेवावं तेवढं ते मलाच आवळत गेलं. माझे गुडघे फरशीला टेकले. कधी टेकले ते मला कळलंच नाही. डोळ्यासमोर तिच्या पायातली जोडवी होती.

"काका, थाप मारा, थाप," मॅडम वरून सांगत होत्या. कळ आली की मांडीवर नाहीतर जमिनीवर थाप मारायची, समोरची लगेच सोडते, असा तिथला नियम. मी मारली नाही. पाठ मातीला लागल्याशिवाय हार नसते, हे माझ्या हाडात बसलेलं. मनगट तडतडायला लागलं तरी मी दात खाऊन तसाच. शेवटी तिनंच सोडलं.

"मोडलं असतं," ती हळूच म्हणाली.

मी उठलो, धोतर झटकलं आणि म्हटलं, "पाठ लागली का माझी?"

त्यावर सगळा हॉल हसला. माझी नातसुद्धा.

जिनिंगला कापूस कसा टाकला, घरी कसा आलो, आठवत नाही. गावात शिरल्यावर तालमीच्या मारुतीसमोर थांबलो. पारावर चारपाच माणसं बसलेली होती. त्यांच्यादेखत मी मारुतीच्या पायावर हात ठेवला आणि बोललो की बायको हा नाद सोडून हिरव्या बांगड्या भरून घरी बसत नाही तोवर तिच्या उघड्या हातचं अन्न मी शिवणार नाही. एकदा बोललो की बोललो. माझा शब्द आयुष्यात मागं गेलेला नाही, हे पारावरच्यांनाही माहीत होतं, म्हणून कुणी समजूत घालायच्या भानगडीत पडलं नाही.

बायको यायच्या आधीच ती बातमी गावभर झाली होती. संध्याकाळी ती जीपमधून उतरली, चूल पेटवली, भाकरी टाकली. मी सांगितलं, माझं ताट वाढू नको. ती "बरं" म्हणाली. एवढंच. आणि रुमालाची पुरचुंडी तिनं फडताळात ठेवून दिली. तोवर दर वेळी हाताला साबण लावून ती बांगड्या काढायची आणि घरी यायच्या आत पुन्हा चढवायची. त्या दिवसापासून तेही सोडलं. मी काही म्हणायच्या आधीच म्हणाली की शपथ तुमी घेऊन बसलात, आता मी दर वेळी हात कशाला सोलून घेऊ?

मी अंगणात तीन दगडांची चूल मांडली. तालमीत असताना स्वयंपाक मला येत होता, असा माझा समज. खिचडी वर कच्ची, खाली करपलेली. नातीकडं आशेनं बघितलं तर ती म्हणाली, आबा, तुमच्या दोघांच्या मधी मी पडणार न्हाई. थंडी पडायला लागली. मी अंगणात धूर खातोय, त्या दोघी आत गरम भाकरी खातायत, मधी भिंत. तिच्या हातांकडं बघायचं मी सोडून दिलं होतं. ती समोरून आली की मी वर आढ्याकडं बघायचो.

असं किती दिवस चाललं असतं माहीत नाही. पण एक दिवस सकाळी जाफराबादकडचा माझा साडू आला. सोबत दोन माणसं. उपरणं तोंडाला लावलेलं, डोळे लाल. आदल्या दिवशी त्यानं हिला परतूरच्या स्टँडवर लांबून बघितलं होतं. कपाळ पदराखाली, हात मोकळे. जवळ जाऊन विचारायचा, फोन करायचाही धीर झाला नाही त्याला. पहिल्या एसटीनं निघून तो माझ्या मयतीच्या भेटीला आला. वाड्याचं कवाड ढकललं तर मी चुलीपुढं उकिडवा बसून फुंकणी फुंकतोय. धुरातून मी मान वर केली. तो जागेवरच खाली बसला. सोबतच्या दोघांपैकी एकानं टोपी काढली होती, ती त्याला परत घालावी की नाही ते कळेना.

साडूला चहा पाजून वाटेला लावलं. मंग मी सरळ आत गेलो. बायकोला म्हटलं, हे बराबर न्हाई. आता माणसं मला पोचवायला यायला लागली. तुझं काय म्हणणं हाय ते एकदा सांग.

ती दळण पाखडत होती. सूप खाली ठेवलं.

"माझं म्हणणं एकच," ती म्हणाली. "आयुष्यभर मी तुमच्या कुस्त्या ऐकल्या. कुणाला कसं धरलं, कुणाला कसं पाडलं. आता मला एक गोष्ट येते. ती मी सोडणार न्हाई. तुमाला सोडवायची आसंल तर हॉलात या. माझ्या कुलपातून सुटून दाखवा. सुटलात तर मी त्याच दिशी बांगड्या भरते आन घरी बसते. न्हाई सुटलात तर मी जाणार, आन तुमी परत तोंड उघडायचं न्हाई."

"आन माझी शपथ?"

"ती तुमची. तुमची तुमी बघा."

कुलूप हा बायकांचा शब्द. मॅडम लॉक म्हणायच्या, बायकांनी त्याचं कुलूप केलं.

मी त्याच रविवारी निघालो होतो, पण मॅडम ऐकेनात. शिकल्याशिवाय कुणी कुणाचा सांधा धरायचा नाही, हा त्यांचा कायदा. संक्रांतीपर्यंत शिका, नंतर बघू, म्हणाल्या. आणि शिकताना नवरा-बायकोला त्या एकमेकांसमोर उभंच करायच्या नाहीत. घरातलं भांडण हातात उतरतं म्हणे. म्हणून मला जोडीला आली भाजीवाली.

पहिल्या दिवशी प्रत्येक जोडीदाराला आधी विचारायचं असतं, कुठला सांधा दुखरा आहे? तो धरायचा नाही. भाजीवालीनं तिचा खांदा सांगितला. मंग मला विचारलं. मी म्हटलं, मला काही होत न्हाई. मनगट तर अजून सुजलेलं होतं. सुरू करायच्या आधी सवयीनं मी मांडीवर शड्डू ठोकला. भाजीवालीनं दोन्ही हात वर करून मला सोडून दिलं. म्हणाली, "पैलवान, सुरू व्हायच्या आधीच हारला?" त्या दिवसापासून मी हात मांडीपासून लांब ठेवायला शिकलो.

बाकी शिकणं फार कठीण गेलं. माझे हात पकडायला घडलेले. काही हातात आलं की बोटं मिटायची. मॅडम मागून येऊन माझ्या मुठीवर टिचकी मारायच्या. धरू नका काका, हात जाऊ द्या. कुलूप शोधायला जायचं नसतं. हात चालू राहिले की ते आपण होऊन समोर येतं. समोरच्यानं कोपर वाकवलं तर एक कुलूप, ताणून सरळ केलं तर दुसरं, ओढून घ्यायला गेला तर तिसरं. म्हणजे समोरचा जे करून सुटायला बघतो, त्यातच पुढचं असतं. आणि सुटायचं असेल तर उलट जोर लावायचा नाही, ज्या बाजूला पिळतंय त्याच बाजूला आपणच आधी जायचं. हे ऐकून मला चीड यायची. जोराशिवाय कुस्ती असते का? पण भाजीवाली माझ्या जोरावर मला दर वेळी वाकवत होती, आणि वाकवताना कोथिंबिरीचा भाव सांगत होती.

घरी मी शेतात एकटा असलो की हात फिरवायचो. बैलासमोर उभा राहून फिरवायचो, तर बैल बिचकून मागं सरायचा. पौषात कधीतरी एक दिवस भाजीवालीचा हात माझ्या हातातून जात होता आणि मला न ठरवता तिचं कोपर माझ्या बगलेत येऊन बसलं. तिनं चटकन थाप मारली. मी उभाच राहिलो. मी धरलंच नव्हतं, तरी ते सापडलं होतं. एवढ्या वर्षांत असं मातीत मला कधी झालं नव्हतं. आतून हललो मी त्या दिवशी. मनात म्हटलं, आता बघतो हिला.

संक्रांत झाली. पुढच्या रविवारी मॅडमनी गादी घातली आणि आम्हाला दोघांना समोरासमोर उभं केलं. बायका भिंतीला टेकून बसल्या. नात माझ्याकडं बघेना. बायकोनं काष्टा घट्ट केला. तिच्या तोंडावर ना हसू ना राग. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती घाबरलेली आहे. तिचं जाणं-येणं सगळं माझ्या एका सुटण्यावर होतं.

थप थप थप. हात सुरू झाले. तिचे हात हलके आणि पुढचं ओळखणारे. तिनं मला लगेच मनगटात घेतलं, जसं पहिल्यांदा घेतलं होतं तसंच. या वेळी मी उलट गेलो नाही. पिळाबरोबर गेलो, कोपर खाली सोडलं आणि सुटलो. भिंतीकडून "हं" असा आवाज आला. तिनं परत कोपर धरलं, मी हात सरळ केला, तिनं दुसरं लावलं, मी परत वळलो, परत सुटलो. तिच्या कपाळावर घाम आला. सुटलो तर होतोच, पण मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. मला तिला थाप मारायला लावायचं होतं. सगळ्यांसमोर. माझा घाव तिनं डाव्या हातानं अडवला, आणि तोच डावा हात माझ्या उजव्या पंजात आला. मी मनगटावर बोटं मिटली आणि बाहेर वळवायला घेतलं.

बोटांखाली हाड नव्हतं. म्हणजे जागेवर नव्हतं. मनगटाच्या वर एक गाठ, तिच्यापुढं खळगा, आणि पुढचं हाड तिरकं गेलेलं. तालमीत एकमेकांचे सांधे आम्ही बसवलेत, मोडलेलं हाड हाताला कळतं मला. हे आताचं नव्हतं. फार जुनं होतं. वाकडंच जुळलेलं. मी ते बोटांत धरून उभा राहिलो. वळवता येईना आणि सोडता येईना.

ती थांबली नाही. तिथं हात थांबवत नाहीत. तिच्या उजव्यानं माझं कोपर खालून उचललं, अंग फिरवलं, आणि मी गादीवर तोंडावर गेलो. हात पाठीमागं ताणलेला. मी गादीवर थाप मारली. आयुष्यातली पहिली.

तिनं सोडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझं तोंड बघून थांबवल्या. मी उठून बसलो. विचारलं, "डाव्या हाताला काय झालंय तुझ्या?"

ती काही बोलायच्या आधी मॅडमच बोलल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "काका, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. इथं कुणीच त्यांचा डावा धरत नाही. तुम्हाला वेगळं सांगितलं नाही, घरच्या माणसाला माहीत असेलच म्हणून."

मी भिंतीकडं बघितलं. भाजीवालीला माहीत होतं. अकरावीतल्या पोरींना माहीत होतं. माझ्या नातीला माहीत होतं. त्या हॉलात एकट्या मला माहीत नव्हतं.

"कधी झालं?" मी विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या साली," बायको म्हणाली. "कडब्याच्या गाडीवरून पडले. तुमी जत्रेच्या कुस्त्यांना गेल्ता."

"आन मी आल्यावर?"

"तुमी आल्यावर गावानं फेटा बांधून मिरवणूक काढली तुमची. त्यात कधी सांगायचं? हाडवैद्यानं बांधलेलं पदराखाली ठेवलं, सुटलं तर वाकडं. सासूबाई म्हणल्या, बांगड्या जास्तीच्या भर, झाकून जाईल." जराशानं म्हणाली, "गेलं झाकून."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पावसाचं सांगावं तसं सांगितलं तिनं. लग्नात बामणानं हात हातात दिला, त्यानंतर आमच्या पिढीत बायकोचा हात कोण धरतं? पाण्याची घागर ती उजव्याच कमरेवर घ्यायची आणि मी तिला चारचौघांत डावा हात आळशी म्हणून हिणवायचो. नाही नाही त्या पैलवानांची मनगटं मला अजून पाठ आहेत, कुणाचं जाड, कुणाचं घसरडं. आणि मी मारुतीसमोर ज्या बांगड्यांची शपथ घेतली, त्या इतकी वर्षं काय झाकून होत्या, ते मला बेटावरची विद्या शिकल्यावर कळलं.

येताना जीपमध्ये आम्ही तिघं पाठीमागं बसलो. उतरताना पायरी उंच होती. मी हात पुढं केला, तर तिनं मला उजवा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, आंघोळ केली आणि तालमीवर गेलो. पारावर माणसं जमलेलीच होती. त्यांच्यादेखत घेतली होती, त्यांच्यादेखतच मारुतीच्या पायावर हात ठेवून शपथ परत केली. मोठ्यानं बोललो, ती क्लासला जाईल आणि मी तिच्या हातचं खाईन, कुणाला ऐकू आलं नाही असं नको. एकानं विचारलं, पैलवान, शब्द फिरवला का? मी म्हटलं, फिरवला. मंग घरी आलो. अंगणातले तीन दगड उचलून कुंपणाला लावले. आत गेलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती, उजवा हात गोल फिरत होता, डावा नुसता परातीच्या काठाला टेकलेला. मी पाट ओढला आणि ताट पुढं केलं.

"कुणाच्या हातचं पाहिजे?" तिनं वर न बघता विचारलं.

मी म्हटलं, तुझ्या. तिनं तव्यावरची काढून वाढली. तिच्या दोन्ही हातांकडं बघत मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.